तिला चेटकीण म्हणतंय कोण?

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग तिचे दोन-दोनदा वाचून झालेत आणि आता तिला फक्त चेटकिणींच्या कादंबऱ्या हव्यात. सासूबाईंना हे पसंत नाही. ‘पोरीच्या डोक्यात करणी-भानामती कशाला भरवता,’ म्हणतात. मला स्वतःला मात्र उत्सुकता आहे. आमची सात मैत्रिणींची वाचनभिशी आहे, तिथेही पुढचे काही महिने हाच विषय घ्यायचं चाललंय. इंग्रजी वाचायला अडचण नाही. लेकीसाठी आणि आमच्यासाठी काय निवडावं, आणि मुळात निवडायचं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नका. त्यांनी हे शब्द कुठल्या तरी घरात, कुणाच्या तरी बाबतीत ऐकलेले असणार. मीही ऐकलेत.

माझे वडील शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात शिक्षक होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. डोंगरातल्या पाड्यावरून एक बाई बाजाराच्या दिवशी चारोळ्या घेऊन यायची. आधी आमच्या ओट्यावर टेकायची. आई पाणी द्यायची, भाकरी द्यायची. मग ती मापट्यानं चारोळ्या मोजायची आणि वर एक मूठ माझ्या ओंजळीत घालायची. एका पावसाळ्यात पाड्यावर दोन पोरं तापानं गेली. भगतानं दाणे टाकले आणि हिचं नाव निघालं. डाकीण. त्यानंतर ती बाजाराला आली नाही. कुठे गेली, तिचं काय झालं, हे मोठी माणसं आमच्यासमोर बोलली नाहीत. तिचं मापटं आदल्या खेपेला आमच्याकडे राहिलं होतं. लाकडी, तळाशी चिरलेलं. आमची बदली होईपर्यंत आईनं ते खिडकीत ठेवलं होतं.

पुढे मी एकोणतीस वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले. चेटकिणीचं पुस्तक हातात आलं की मी एकच गोष्ट आधी बघायची : या पुस्तकात तिला चेटकीण म्हणतंय कोण? ती स्वतः म्हणते, गाव म्हणतं, की लेखक म्हणतो? पहिली पंचवीस-तीस पानं वाचली की हे कळतं. ती स्वतः म्हणत असेल तर ते पुस्तक बहुधा बाईच्या मोकळेपणाविषयी असतं. गाव म्हणत असेल तर भीतीविषयी, जमिनीच्या तुकड्याविषयी, शेजारच्या जुन्या वैराविषयी असतं. आणि लेखकच तिला दुष्ट ठरवून मोकळा झाला असेल तर ती भयकथा. भयकथाही वाचावी, मला आवडतात. पण मुलीच्या हातात पहिलं पुस्तक ते देऊ नका.

लेकीसाठी पहिलं पुस्तक माझ्या मनात पक्कं आहे : टेरी प्रॅचेट यांचं ‘द वी फ्री मेन’, २००३ सालचं. टिफनी एकिंग नावाची नऊ वर्षांची मुलगी, मेंढपाळांच्या घरातली, लोणी काढण्यात आणि चीज करण्यात तरबेज. नदीतून एक भयंकर प्राणी वर येतो. गोष्टींच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याचे डोळे सूप प्यायच्या थाळीएवढे असतात. ही पोरगी घरी जाऊन थाळी फीत लावून मोजते. आठ इंच. मग तवा घेऊन नदीवर परत जाते. तुमच्या लेकीला हे पान वाचून दाखवा, पुढचं ती स्वतःच वाचेल.

पण मी हे पुस्तक देते ते मिसेस स्नॅपरली या म्हातारीसाठी. गावाबाहेर एकटी राहणारी, दात पडलेली, स्वतःशी पुटपुटणारी. जहागीरदाराचा मुलगा नाहीसा होतो आणि गाव तिच्यावर संशय घेतं. तिचं घर जातं, तिचं मांजर मारलं जातं, आणि ती थंडीत बर्फात मरते. टिफनी चेटकीण व्हायचं ठरवते ते यामुळे, असं पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरी संपायला थोडीच वर्षं उरली होती. पुस्तक मिटून बराच वेळ टेबलाशी नुसती बसून राहिले. आमच्या ओट्यावरचीच बाई होती ती.

सासूबाईंनाही हा भाग मराठीत सांगा. त्यांना पटेल, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांचं ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पॉण्ड’ (१९५८). किट नावाची मुलगी बार्बाडोसहून १६८७ साली अमेरिकेत कनेटिकटमधल्या कडक धर्मनिष्ठ वस्तीत येते. वाटेत एका लहान मुलीची लाकडी बाहुली पाण्यात पडते आणि किट उडी मारून ती काढून आणते. बस, एवढंच. पण बाईमाणूस बुडत नाही म्हणजे ती चेटकीण, असं मानणारी ती माणसं. त्या क्षणापासून बोटीवरच्या बायकांची नजर बदलते. संशय कुठून सुरू होतो, हे बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा साधेपणानं सांगणारा प्रसंग मला दुसरा माहीत नाही. आणि मध्ये हलकं काही हवं असेल तर जपानी लेखिका एको कादोनो यांची ‘किकी’ (१९८५) आहेच, तेराव्या वर्षी झाडूवर बसून परगावी जाणारी आणि सामान पोचवण्याचं काम करून पोट भरणारी. बरोबर काळं मांजर, जिजी.

रोआल्ड डाल यांचं ‘द विचेस’ (१९८३) कुणी ना कुणी भेट देईलच. त्यातली नॉर्वेची आजी मला फार प्रिय आहे. तरी ते तिसरं-चौथं द्या. त्यात चेटकिणी साध्यासुध्या बायकांसारख्या दिसतात, हातमोजे आणि केसांचा टोप घालून फिरतात, आणि कुठलीही बाई चेटकीण असू शकते असा धाक आहे. मिसेस स्नॅपरली भेटलेली असेल तर मुलगी त्यातली गंमत घेईल आणि धाक बाजूला ठेवील.

आता तुमच्या भिशीकडे येते. सुरुवात सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांच्या ‘लॉली विलोज’पासून करा. १९२६ची कादंबरी आहे, पण वाचताना आपल्याच एखाद्या आत्याची वाटते. लॉरा अविवाहित. वडील गेल्यावर लंडनला भावाच्या घरी येते आणि वीस वर्षं सगळ्यांची ‘आंट लॉली’ होऊन राहते. मुलं सांभाळायची, शिवणटिपण करायचं, पाहुण्यांच्या गर्दीत स्वतःची खोली सोडायची. एक दिवस दुकानात फुलं घेताना तिला काहीतरी होतं आणि ती चिल्टर्न टेकड्यांमधल्या ग्रेट मॉप नावाच्या खेड्यात एकटी जाऊन राहते. चेटूक अर्ध्या पुस्तकानंतर येतं, तेही एका मांजराच्या पिल्लाच्या रूपानं. तोवर कंटाळा आला असं कुणी म्हणाली तर तिला थांबवा. ती वीस वर्षं वाचल्याशिवाय पुढचं कळत नाही. आमच्याकडे घरोघरी अशी एक बाई होती, लग्न न झालेली किंवा माहेरी परतलेली, जिला सणावाराला सगळे शोधायचे आणि एरवी कुणी विचारायचं नाही. तुमच्या सातजणींपैकी प्रत्येकीला एक तरी आठवेल.

दुसरी रिव्का गॅल्चेन यांची ‘एव्हरीवन नोज युअर मदर इज अ विच’ (२०२१). ग्रहांच्या गतीचे नियम शाळेत शिकलो ना, त्या योहानेस केप्लरची आई कॅथरिना. जर्मनीतल्या लेओनबर्गमध्ये १६१५ साली एका शेजारणीनं आरोप केला, हिनं दिलेलं काहीतरी पिऊन मी आजारी पडले. प्रकरण वाढत गेलं. १६२० साली सत्तरी ओलांडलेल्या या म्हातारीला अटक झाली, साखळदंड घातले. १६२१ साली छळाची हत्यारं तिच्यासमोर मांडून कबूल हो म्हणून दरडावलं, ती कबूल झाली नाही. सुटली, आणि पुढच्याच वर्षी वारली. मुलगा आपलं काम बाजूला ठेवून आईचा खटला लढला. त्याचा तिसरा नियम १६१९चा, म्हणजे हे सगळं चालू असतानाचा. कादंबरी मात्र म्हातारीच्या तोंडची आहे. तिला लिहिता येत नाही, शेजारी सायमन लिहून घेतो. तिचा जीव तिच्या कॅमोमाइल नावाच्या गाईत. तापट आहे, फटकळ आहे, लोकांना नावं ठेवते. वाचता वाचता लक्षात येतं, तिची चूक एवढीच की म्हातारपणी ती कुणाच्या धाकात नव्हती.

तिसरी मारिझ काँदे यांची तितुबा. मूळ फ्रेंच १९८६चं, इंग्रजीत ‘आय, तितुबा, ब्लॅक विच ऑफ सेलम’. अमेरिकेतल्या सेलमला १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. तितुबा गुलाम होती. तिनं सुरुवातीलाच कबुली दिली आणि वाचली, नाकारणारे फासावर गेले. हा उफराटा न्याय वाचताना अंगावर काटा येतो. इतिहासात तिच्याविषयी फार थोडं उरलंय. काँदे यांनी तिला आई दिली, झाडपाला शिकवणारी ‘मामा याया’ नावाची म्हातारी दिली, बोलायला तोंड दिलं. इतिहास म्हणून वाचू नका, त्या बाईची बाजू म्हणून वाचा.

आणि मग घरी या, भारतात. महाश्वेतादेवींची ‘डायन’, इंग्रजीत ‘द विच’, ही दीर्घकथा ‘बिटर सॉइल’ या संग्रहात आहे. झारखंडातल्या पलामूचा दुष्काळ, रानात डायन शिरल्याची आवई, दगड घेऊन तिच्या मागावर निघालेली भुकेली माणसं. शेवट सांगत नाही. तिच्या जोडीला हांसदा सौवेंद्र शेखर यांची ‘द मिस्टीरिअस एलमेंट ऑफ रूपी बास्के’ (२०१४) ठेवाच. संथाळ गावातली रूपी, भाताच्या शेतात चिखलात उकिडवी बसून पहिल्या मुलाला जन्म देणारी, गावातली सर्वांत दणकट बाई. ती हळूहळू अंथरुणाला खिळते. इथे माझी कसोटी अपुरी पडते, हे कबूल करते. कारण या गोष्टीत डाहनी, म्हणजे चेटकिणी, आहेत, खरोखरच्या आहेत, आणि लेखक त्या समाजातला, शिवाय पेशानं डॉक्टर. मला पहिल्या वाचनात राग आला होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की तिथल्या बायका एकमेकींशी कशा जगतात, मत्सर आणि माया कशी एकाच अंगणात नांदते, ते बाहेरून कुणाला लिहिताच आलं नसतं. राग पूर्ण गेला नाही. भिशीत यावर भांडा, दोन्ही बाजूंनी.

फर्नांदा मेल्चोर यांची ‘हरिकेन सीझन’ कुणी सुचवली तर आधी सगळ्यांना सांगून ठेवा, फार हिंसक आहे. थोर पुस्तक आहे, पण लेकीच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

प्रश्न : मराठीत चेटकिणीवर भीतीदायक असं काय वाचावं? लहानपणी हडळीच्या गोष्टी ऐकल्यात. – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एक फरक. हडळ, जखीण ही मेलेल्या बाईची भुतं. चेटकीण जिवंत बाई. म्हणूनच हडळीच्या गोष्टीनं कुणाचं वाईट होत नाही, डाकीण या शब्दानं होतं. भीतीच हवी तर नारायण धारप घ्या, नाहीतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’त चिंची चेटकीण दिली. दिलीप प्रभावळकरांची चिंची ज्यांनी पाहिली ती मुलं आज आजी-आजोबा आहेत, आणि अलीकडे वैभव मांगलेंच्या चिंचीला त्यांची नातवंडं हसली. घरात मूल असेल तर तुमच्या धारपांच्या आधी त्याला ते नाटक दाखवा.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवतो. सहावी-सातवीच्या मुलांना परदेशी चेटकिणींच्या गोष्टी वाचून दाखवू का? इथे डाकिणीवर विश्वास ठेवणारी माणसं आहेत, म्हणून कचरतो. – एक शिक्षक

उत्तर : सर, तुम्ही कचरता हेच मला योग्य वाटतं. तुमच्या वर्गात कदाचित अशा बाईची नात बसलेली असेल, आणि आरोप करणाऱ्या घरातला मुलगाही. म्हणून दोन गोष्टी सांभाळा. गोष्टीतल्या बाईला कधीही डाकीण म्हणू नका, चेटकीण म्हणा. आणि ‘तुमच्या पाड्यावर कुणी आहे का’ असं मुलांना विचारू नका, सहजसुद्धा नको.

वाचण्याऐवजी सांगा. टिफनीची थाळी सांगा, खरी थाळी आणून मुलांकडून मोजून घ्या, भाषेचा तास आणि गणिताचा तास एकदम होईल. मिसेस स्नॅपरलीची गोष्ट आठवड्यानं सांगा, मुलं टिफनीला ओळखायला लागली की. पोरांनी विचारलं, ‘मग ती खरंच चेटकीण होती का?’ तर उत्तर देऊ नका, ‘कशावरून?’ असं विचारा आणि त्यांना बोलू द्या.

मोठ्या मुलांना कायदाही सांगा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. झारखंडच्या छुटनी महतो यांच्याविषयी सांगा. १९९५ साली गावानं त्यांना डायन ठरवून मारहाण केली. त्यांनी पुढे अशा बायकांना आसरा दिला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा फोटो फळ्याशेजारी लावता आला तर लावा.

‘द वी फ्री मेन’ तुमच्याकडे मिळायला अडचण असेल तर मासिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका, माझी प्रत पाठवते. मिसेस स्नॅपरलीच्या पानांवर कडेनं पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या तशाच राहू द्या.