फॉरेक्स कार्डावरून परस्पर पैसे गेले, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : बँकेचे डॉलरचे प्रीपेड फॉरेक्स कार्ड घेऊन मी बँकॉकला आणि तेथून टोकियोला गेले. मी टोकियोत असताना बँकॉकच्या एटीएममधून माझ्या कार्डावर दोनदा रक्कम काढली गेली. कार्ड मात्र माझ्याच पर्समध्ये होते. सिमला रोमिंग नसल्याने एसएमएस भारतात परतल्यावर आले. दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, तर बँकेने लेखी कळवले की पिन वापरला गेला आहे आणि मी बाराव्या दिवशी कळवले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : बँकेचे हे उत्तर अंतिम मानून आपण गप्प बसू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले आहे, अशा वेळी ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही; प्रीपेड कार्डेही त्याच्या कक्षेत येतात. हे दिवस पैसे काढले गेल्यापासून नव्हे, तर बँकेची सूचना ग्राहकाला मिळाल्यापासून, तो दिवस वगळून मोजायचे असतात.

आपला वाद नेमका 'मिळाली' या शब्दावर आहे. बँक एसएमएस पाठवल्याची तारीख दाखवील. आपण तो पोहोचल्याची तारीख मागा, कारण संदेश कधी पोहोचला याची नोंद ठेवणे याच परिपत्रकाने बँकेवर बंधनकारक केले आहे. मात्र ईमेलनेही सूचना आली असेल आणि टोकियोत आपण ईमेल पाहत असाल, तर हा मुद्दा लंगडा पडेल.

पिन वापरला गेला एवढ्यावरून आपला निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. एटीएमने कार्डाची चिप वाचली की मागची चुंबकीय पट्टी, याची नोंद लेखी मागा. पट्टी वाचली गेली असेल, तर कार्डाची नक्कल झाल्याच्या आपल्या म्हणण्याला मोठे बळ मिळेल. त्याहून भक्कम पुरावा आपल्या पासपोर्टात आहे : थायलंड सोडल्याचा शिक्का आणि त्यानंतरच्या तारखेचे बँकॉकचे व्यवहार शेजारी ठेवले की फार बोलावे लागणार नाही. बोर्डिंग पास जपा, कार्ड कापून टाकू नका. पिन कोणाला सांगितला असेल किंवा पाकिटावर लिहून ठेवला असेल, तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका; तसे असल्यास तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते.

बँकेने तक्रार लेखी फेटाळली असल्याने आपण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाऊ शकता. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. आपण राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. परंतु आयोगापुढे प्रकरण चालू असताना लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल गाठावेत.

कार्डावर २,००० डॉलरपेक्षा अधिक शिल्लक असेल, तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या (फेमा) नियमांनुसार वरची रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला परत करावी लागते. ती देताना 'माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' असा मजकूर असलेल्या फॉर्मवर सही करू नका.