जपानी पेनांत निब कुणाची चांगली: पायलट, सेलर की प्लॅटिनम?

तुम्ही लिहिलंय की रोज दोन-तीन पानं मराठीत लिहिता, आता पहिल्यांदाच सोन्याच्या निबेचं जपानी पेन घ्यायचं आहे आणि या तिघांत कुणाची निब सरस ते हवंय. माझ्याकडे तिघांचीही पेनं आहेत. तुमच्यासाठी मी प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी सुचवेन, तेही मीडियम, म्हणजे मध्यम जाडीच्या निबेचं. माझं स्वतःचं मन मात्र सेलरवर आहे. का, ते सांगतो.

पण कंपनीच्या आधी जाडी ठरवा. जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक निब) हा युरोपातल्या एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतो, कारण ही निब कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चित्राक्षरं, लिहिण्यासाठी घडलेली आहे. 'उदासी'साठीचं 'उत्सु' हे एक अक्षर २९ रेघांचं आहे! चौकटीच्या वहीत ते मावायचं तर रेघ केसासारखीच हवी. आपल्या देवनागरीला इतकं बारीक लागत नाही, पण जाडही परवडत नाही. एकदा मी जाड निबेने फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'संध्याकाळी भाऊ येणार'. भ च्या डोक्यावरची फट शाईने बुजली आणि घरच्यांनी 'माऊ येणार' असं वाचून दुधाची वाटी भरून ठेवली. ध ची गाठ बुजली की त्याचा घ होतो, तेही तसंच. जपानी मीडियममध्ये ही फट आणि गाठ दोन्ही शाबूत राहतात. एफ घेतलात तर अक्षर आणखी रेखीव येईल, पण साध्या वहीच्या खरबरीत कागदावर तो ओरखडे काढल्यासारखा वाटतो.

आता तिघांची चाल. पायलटची निब गुळगुळीत. कस्टम ७४ उघडा, शाई भरा, लिहायला लागा, कसली तक्रार नाही. नवख्याने डोळे मिटून घ्यावं असं हेच पेन आहे, हे मान्य. पण शिरोरेखा ओढताना मला ते जरा जास्तच घसरतं; शब्द संपला तरी रेघ पुढे जाते.

सेलर याच्या उलट. अणकुचीदार शिसपेन कागदावर चालते तशी बारीक कुरकुर हाताला जाणवते. काहींना ती खरखर वाटते, पेन बिघडलंय असं समजून परत करणारेही आहेत. पण ती कुरकुरच हात धरून ठेवते. काना जिथे संपवायचा तिथे संपतो, वेलांटी भलतीकडे उडत नाही. कांजीतही दर रेघेला पेन उचलावं लागतं, आपल्याला काना-मात्रेला लागतं, म्हणून ही निब आपल्याला मानवत असावी असा माझा कयास. याच कंपनीच्या नोबुयोशी नागाहारा या कारागिरांनी नावारूपाला आणलेली 'नागिनाता तोगी' ही निबेचं टोक घासून घडवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे: टोक लांबट असतं, पेन उभं धरलं तर रेघ बारीक, आडवं केलं तर जाड. पण ती पहिल्या पेनाला नको, किंमत ऐकूनच हात कापतो.

प्लॅटिनम या दोघांच्या मधे बसतं. निब कडक, कुरकुर थोडी, रेघ नेमकी. ३७७६ हा आकडा म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. २०११ साली आलेल्या सेंच्युरीच्या टोपणात आत स्प्रिंगवरचं एक झाकण आहे, ते निबेभोवती हवाबंद बसतं. दोन वर्षं पेन उघडलं नाही तरी शाई वाळत नाही, असा कंपनीचा दावा. दोन वर्षं मी वाट पाहिलेली नाही, पण एप्रिल-मेचे सहा आठवडे कपाटात पडून राहिलेलं पेन पहिल्या अक्षराला चाललं. मधेच चार दिवस खंड पडला तर याचं मोल कळेल.

सोन्याच्या कॅरेटला मात्र भुलू नका. १४ कॅरेट म्हणजे साधारण ५८ टक्के सोनं, सेलरच्या २१ कॅरेटमध्ये ८७.५ टक्के. पण कागदाला सोनं लागतच नाही! टोकाला इरिडियम-ऑस्मियमसारख्या कठीण मिश्रधातूचा जो इवलासा मणी जोडलेला असतो, तोच लागतो. लिहिण्याची चव तो मणी कसा घासलाय यावर, आणि लवचिकता पत्र्याची जाडी नि आकार यांवर. मऊ म्हणून घेतलेल्या एका निबेवर मी बॉलपेनसारखा जोर दिला, त्यात तिच्या मधल्या, शाई उतरते त्या चिरेच्या दोन बाजू फाकल्या आणि शाईची रेघ मधोमध कोरडी यायला लागली. चूक माझीच. बॉलपेनची सवय असेल तर 'सॉफ्ट' लिहिलेल्या निबेच्या वाटेला जाऊ नका.

पेन हातात आलं की घड्याळजीकडे असतं तसल्या भिंगातून निब समोरून बघा. चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली असेल तर एका दिशेला ओढताना पेन टोचेल. स्वतः वाकवत बसू नका, बदलून मागा.

एवढे पैसे घालायला धीर होत नसेल तर प्लॅटिनमचं प्रेपी घ्या. स्टीलची निब, किंमत किरकोळ, ०३ म्हणजे एफ आणि ०५ म्हणजे मीडियम. दोन्ही आणा, तुमच्याच वहीवर तुमच्याच शाईने आठवडाभर लिहा. जी जाडी पटेल तीच सोन्यात मागवा.

आणि हो, तिघांचे कन्व्हर्टर, म्हणजे दौतीतून शाई ओढून घेणारी पेनातली नळी, वेगवेगळे आहेत, एकाचा दुसऱ्यात बसत नाही. परदेशातून मागवलेल्या खोक्यात तो असेलच असं नाही, नुसती आधीच शाई भरलेली कार्ट्रिज असू शकते. म्हणून पेनाबरोबरच त्याच कंपनीचा कन्व्हर्टरही मागवा, नाहीतर घरात शाईची दौत असून पेन कोरडं, अशी गत व्हायची.