व्हर्टस जीटी, नागपूरचं ऊन आणि लाखभर रुपये: आधी काय बसवायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. २०२२ ची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). रोज मनीषनगर ते बुटीबोरी, अधूनमधून समृद्धी महामार्गावरून संभाजीनगर. हातात लाखभर रुपये आणि यादीत ओपन फिल्टर (उघडा एअर फिल्टर), डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), स्टेज १ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं), लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या). वॉरंटी अजून शिल्लक आहे आणि घरात गाडी ही एकच. या शेवटच्या गोष्टीवरूनच मी उत्तर देतो: पहिले पैसे टायर आणि ब्रेकवर घाला. ताकद मागाहून.

कारण साधं आहे. दीडशे पीएसची (अश्वशक्तीची) ही गाडी आपल्या रस्त्यांना कमी पडत नाही. कमी पडतं ते रबर. कंपनीचे २०५/५५ आर १६ टायर मायलेज आणि टिकाऊपणा बघून निवडलेले असतात, आणि तुमचे मूळचेच असतील तर आता कडक झाले असणार. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी दिवसभर एमआयडीसीत उन्हात उभी असते, त्यामुळं नक्षी शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. खाचांच्या तळाशी बारीक चिरा आहेत का ते बॅटरी मारून पाहा. चिरा असतील तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी चारही टायर बदला.

रुंद टायर घ्यायचे असतील तर २२५/५० आर १६ ही साइझ चांगली. २०५/५५ चा व्यास सुमारे ६३२ मिलीमीटर येतो, २२५/५० चा ६३१ च्या थोडा वर, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. पण रिमची रुंदी आधी तपासा, रिमच्या आतल्या बाजूला ती कोरलेली असते. ६ जे (म्हणजे ६ इंच) असेल तर २२५ अगदी काठावर बसतो, साइडवॉल फुगते आणि वळणावर गाडी डुलते. अशा वेळी २०५ मध्येच उत्तम कंपाउंडचा टायर घेतलेला बरा. नुसते दिसायला म्हणून १७ इंची, १८ इंची पातळ टायर नकोत, एका खड्ड्यात रिम वाकते. हवा सकाळी गाडी थंड असतानाच भरा, आणि समृद्धीवर जायच्या दिवशी तर नक्कीच. सिमेंटच्या रस्त्यावर भर दुपारी तासन्तास १२० नं जाताना कमी हवेचा टायर किती तापतो, हे लोकांना फुटल्यावरच कळतं.

आता ब्रेक. १०० वरून थांबायला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्यापेक्षा १२० वरून थांबताना ४४ टक्के जास्त लागते, कारण वेगाचा वर्ग होतो. आणि तुमच्या गाडीला मागं ड्रम आहेत, बहुतेक भार पुढच्या डिस्कवर. म्हणून पुढं चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड आणि ताजं डीओटी ४ फ्लुइड (ब्रेक ऑइल). फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डीओटी ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ वर येते. दोन पावसाळे गेले की बदलायचंच. मेकॅनिक ‘रंग ठीक आहे’ म्हणेल, ऐकू नका. पॅड मात्र रोजच्या वापराचे घ्या. रेस पॅड गरम झाल्याशिवाय पकडतच नाहीत आणि ऑफिसला जाताना ते गरम होत नाहीत.

एवढं झालं की ताकदीकडं येऊ. इथं मला तुमची खरंच काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबरच्या सकाळी १५ अंशाला जी हवा इंजिनात जाते, ती नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) ४५ अंशाला सुमारे साडेनऊ टक्के विरळ झालेली असते. टर्बो ती कसर भरून काढायला जास्त दाब देतो, दाबलेली हवा आणखी तापते, आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं घेतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये गाडी मुळातच स्वतःला आवरून चालत असते. अशात ओपन फिल्टर लावला की तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मूळचा एअरबॉक्स निदान समोरून बाहेरची हवा घेतो. खात्री करायची असेल तर ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाची माहिती मोबाइलवर दाखवणारं उपकरण) लावून मोबाइलवर इनटेक टेम्परेचर बघत व्हरायटी चौकात सिग्नलला उभे राहा. आकडा चढत जाईल आणि सिग्नल सुटल्यावरही लगेच उतरणार नाही. तो आकडा बघितला की ओपन फिल्टरवर पैसे घालावेसे वाटणार नाहीत. शिवाय कोराडी-खापरखेड्याच्या बाजूची राख आणि शहरभर चाललेल्या बांधकामांची धूळ. कागदी फिल्टर ती बारीक धूळ चांगली धरतो, तोच ठेवा, फक्त लवकर बदला. मोठा इंटरकूलर (टर्बोनं तापलेली हवा थंड करणारा भाग) नुसता बोल्ट करून बसेल असंही समजू नका, १.५ मध्ये तो पाण्यानं थंड होणारा आहे. त्यापेक्षा उन्हाळ्याआधी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे नि माती हलक्या पाण्यानं धुऊन काढा. फुकटात होतं आणि एसीलाही फरक पडतो.

रिमॅपचा मुद्दा गिअरबॉक्सपाशी अडतो. तुमचा सात गिअरचा डीएसजी ड्राय क्लचचा (क्लचला तेलाचा थंडावा नसलेला) आहे, म्हणजे डीक्यू २०० हे मॉडेल. त्याची ठरवलेली क्षमता २५० न्यूटन मीटर आणि इंजिनाचा टॉर्कही (फिरवण्याचा जोर) बरोबर २५०. वर काही शिल्लकच नाही. स्टेज १ वाले ३०० च्या वरचा आकडा सांगतात, पण सीताबर्डीच्या गर्दीत इंचाइंचानं सरकताना तापणारा क्लच तोच राहतो. मॅन्युअल असती तर मी इतकं ताणून धरलं नसतं. त्यातही रिमॅपची फाइल ९५ ऑक्टेनच्या (महागड्या, उच्च दर्जाच्या) पेट्रोलसाठी बनवलेली असेल आणि बाहेरगावी साधंच पेट्रोल मिळालं, तर घेतलेली ताकद ईसीयू परत काढून घेतो. वॉरंटीचं म्हणाल तर सर्व्हिसला संगणक जोडला की बदललेलं सॉफ्टवेअर कळतं. ‘प्लग काढला की खूण राहत नाही’ असं सांगून ट्यूनिंग बॉक्स विकतात. तो सेन्सरला खोटा दाब दाखवून बूस्ट वाढवतो, क्लचवरचा ताण तेवढाच. पेडल बॉक्सनं ताकद वाढतच नाही, पाय थोडा दाबला तरी जास्त दाबल्याचा संदेश जातो इतकंच.

डाउनपाइप तर नकोच. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढला की धूर कायद्याबाहेर जातो आणि चेक इंजिनचा दिवा मागं लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि कलम १८२ अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो तो वेगळा.

लोअरिंग स्प्रिंगबद्दल फक्त एवढंच विचारतो: तुमच्या गल्लीतून सिमेंट रोडवर चढायला केवढा उंचवटा आहे? आमच्याकडे रस्ता घरांच्या वर गेलाय, आजही बंपर घासायचा राहतो तो थोडक्यात. शॉकअब्सॉर्बर ढिले झाले असतील तर ते मात्र बदला, गाडी पुन्हा नव्यासारखी वळते.

तर टायर, पॅड, फ्लुइड, अलाइनमेंट. लाखातले बरेच पैसे उरतील, ते वॉरंटी संपेपर्यंत हलवू नका. रिमवर कोरलेली रुंदी आणि टायरचे ते चार आकडे इथं टाका, साइझ नि टायरचा प्रकार पक्का करून सांगतो.