सेरोटोनिन आणि केळ्याचे पथ्य

प्रश्न : चेहरा वारंवार लाल होतो व जुलाब होतात म्हणून सासूबाईंना २४ तासांच्या लघवीची तपासणी सांगितली असून, तीन दिवस केळी, अननस व अक्रोड बंद केले आहेत. असे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : केळ्याने हा आजार होत नाही, हे आधी सासूबाईंना सांगावे. ही तपासणी कार्सिनॉइड गाठीच्या (रसायने स्रवणारी, बहुधा आतड्यात सावकाश वाढणारी गाठ) शंकेने करतात. अशा गाठीत सेरोटोनिन (शरीरात संदेश वाहणारे एक रसायन) असते, हे औषधशास्त्रज्ञ लेम्बेक यांनी १९५३ मध्ये दाखवले. आतड्यातील गाठीचे सेरोटोनिन यकृत बहुधा निष्प्रभ करते. गाठ यकृतात पसरली की मात्र ते रक्तात मोकळे फिरते आणि जुलाब लागतात (लालीमागे इतरही रसायने असतात). सेरोटोनिनच्या विघटनातून बनणारे द्रव्य लघवीत मोजतात, आणि या फळांमुळेही ते वाढत असल्याने आकडा फसवा येतो. मधे एकादशी आली तरी शिकरण नको! पॅरासिटामॉलसह चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.