‘व्हॉइडेबल’ खरेदीखत आणि हातातून निसटत चाललेली मुदत

नाशिकजवळच्या आडगाव शिवारातील एका वाचकाचे पत्र आहे. वडील वारल्यानंतर त्यांची स्वकष्टार्जित जमीन आईने, हे वाचक आणि त्यांची धाकटी बहीण अज्ञान (अठरा वर्षांखालील) असताना, न्यायालयाची परवानगी न घेता विकली. वाचकांनी नोटीस पाठवली, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलांनी उत्तर दिले की हे खरेदीखत ‘व्हॉइड’ (मुळातच रद्द) नसून फार तर ‘व्हॉइडेबल’ (मागणी केल्यास रद्द होऊ शकणारे) आहे. वाचकांचे एकविसावे वर्ष पुढच्या महिन्यात पूर्ण होते, बहीण सतरा वर्षांची आहे आणि आजी हयात नाही. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क. आई’ (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अज्ञानाची पालक आई) अशी नोंद असलेल्या जमिनींविषयी अशी पत्रे सतत येतात, म्हणून परवानगी का लागते याची चर्चा येथे करत नाही.

वकिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि तुमचे सगळे प्रकरण त्या एका विशेषणावर उभे आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 प्रमाणे नैसर्गिक पालकाने परवानगीविना केलेली विक्री अज्ञानाच्या इच्छेवरून रद्द होऊ शकते. तिलाच मराठीत शून्यकरणीय म्हणतात. म्हणजे तुम्ही ती नाकारेपर्यंत ती वैध धरली जाते, आणि मुदतीत नाकारली नाही तर ती कायमची वैध राहते. आईऐवजी चुलत्यांनी केवळ घरातील वडीलधारे म्हणून सही केली असती, तर कलम 11 लागू झाले असते आणि चित्र वेगळे असते. ‘दस्त मुळातच रद्द आहे, त्याला मुदत कसली?’ हा जो सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला, तो बहुधा त्या दुसऱ्या प्रकारातून उचललेला आहे.

मुदत कायदा, 1963 चा अनुच्छेद 60 तुम्हाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे देतो. त्यातील जवळजवळ सर्व काळ तुम्ही नोटीस आणि तिचे उत्तर यांत घालवलात, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. नोटिशीने मुदत थांबत नाही. विलंब माफीचा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. आणि प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम 3 प्रमाणे न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. दाव्याचा निकाल लागायला किती वर्षे जातील हे कोणी सांगू शकत नाही, परंतु आपली दिवाणी न्यायालये कितीही संथ असली तरी दाव्याची मुदत काही त्यांच्या गतीने चालत नाही.

दाव्यात केवळ ताबा मागू नका. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या 2001 च्या निकालात आईने पालक म्हणून केलेल्या विक्रीविरुद्ध मुलांनी आधी ताबाच मागितला होता. खरेदीखत रद्द करण्याची मागणी नंतर दुरुस्तीने घातली, तोपर्यंत मुदत उलटली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. अशी विक्री वर्तनातूनही नाकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटले आहे खरे, पण तेही मुदतीतच करावे लागते, आणि खरेदीदार ताब्यात असताना तुम्ही त्या आधारावर बसून राहावे असे मला वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी कागद पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाहीत. आजी नसल्याने वारस तुम्ही तिघेच; आईने स्वतःचा एक तृतीयांश हिस्सा विकला, तो व्यवहार बहुधा टिकेल. वाद तुम्हा दोघांच्या हिश्श्यांपुरता राहील. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची निघाली, तर कलम 8 लागू होते का हाच प्रश्न उभा राहील. विक्रीचे पैसे तुमच्या शिक्षणावर खर्च झाले असतील, तर न्यायालय ते परत करण्याची अट घालू शकते. बहिणीची मुदत स्वतंत्र धरली जाईल असे वाटते, तथापि तुम्ही एकत्र कुटुंबाचा कारभार पाहत होता असा बचाव खरेदीदार घेऊ शकतो. म्हणून तिला वाट पाहायला न लावता याच दाव्यात वादी करा. ती अज्ञान असल्याने तिच्या वतीने वादमित्र (अज्ञानाच्या वतीने दावा चालवणारी सज्ञान व्यक्ती) लागेल, आणि आईचे हितसंबंध विरुद्ध जातात म्हणून ती जबाबदारी आईकडे देऊ नका. दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नाहीतर दावा चालू असताना जमीन घेणारा तिसरा माणूस आपण निकालाला बांधील नाही असे म्हणू शकेल.

आज सर्वांत आधी जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवून तारखा ताडून पाहा. दोन्हींत फरक असल्यास जी तारीख आधीची असेल तीच खरी धरून मुदत मोजा, आणि त्या हिशेबाने दिवस उरले असतील तर याच आठवड्यात खरेदीखताची प्रमाणित नक्कल घेऊन वकिलाकडे जा.