रात्री कुठं झोपला होता?

प्रिय डॉक्टर,

ग्रामीण पोस्टिंगची ऑर्डर हातात पडल्यावर तू पहिलं विचारलंस, "मॅडम, तिथं पीजीच्या अभ्यासाला वेळ मिळेल ना?" मिळेल. दुपारनंतर ओपीडी ओसरते, पुस्तकं खुशाल घेऊन जा. पण सहीपुरतं जायचं आणि पहिल्या एसटीनं परतायचं, असं करणारे इंटर्न मी खूप पाहिलेत. तू त्यांच्यातली होऊ नयेस म्हणून हे पत्र.

माझीच एक गोष्ट सांगते, फार थोड्यांना सांगितलेली. इंटर्न असताना मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पावसाळा होता, पहाटेचे पाच वाजले असतील. एका बापानं नऊ-दहा वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून आणलं. पोटात कळ येतेय, दोनदा उलटी झालीय. ताप नव्हता, पोट हाताला मऊ लागत होतं. मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि "थोडं झोपू दे त्याला" म्हणून बाकावर निजवलं. पाऊण तासानं सिस्टर आल्या. "मॅडम, पोराच्या पापण्या बघा." त्याला झोप आलेली नव्हती. पापण्या उचलतच नव्हत्या. मान सावरत नव्हती, तोंडातली लाळ गिळता येत नव्हती. सिस्टरनी बापाला एवढंच विचारलं, "रात्री कुठं झोपला होता?"

"खाली. जमिनीवरच."

मण्यार. रात्री अंथरुणात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. ना सूज, ना ठणका, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास. हे सगळं मला पाठ होतं. पण ते सर्पदंशाच्या प्रकरणात वाचलेलं, आणि माझ्यासमोर बाकावर पोटदुखीचा पेशंट होता.

आम्ही सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. लक्षात ठेव, लहान मुलाला डोस कमी करायचा नसतो. सापानं सोडलेलं विष लहान-मोठ्याला तेवढंच असतं. तेव्हा १०८ नव्हती. केंद्राच्या जीपमध्ये मागच्या बाकावर पोराचं डोकं मांडीवर घेऊन जिल्ह्यापर्यंत अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत गेले. हाताला गोळे आले की सिस्टर घ्यायच्या, त्यांचे हात भरले की मी. पोरगा वाचला, काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून चालत घरी गेला. ती पाऊण तासाची चूक मात्र अजून माझ्याबरोबर आहे, आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिल्याच दिवशी कपाट उघडून कुप्या स्वतः मोज, मुदतीची तारीख बघ. अंबू बॅग दाबून बघ, लहान मुलांचा मास्क आहे का तेही. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कुठं लटकते ते विचारून ठेव. रात्री दोन वाजता ती शोधत बसायची नसते.

आणि पेशंटजवळ बस. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं मरत होती. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी. ते अशा पेशंटच्या खाटेजवळ बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम नोंदत राहिले. १९८२ साली ही लक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर लागू पडते, हे त्यांनीच दाखवून दिलं. तुझ्या केंद्रातही खाटेजवळ एक स्टूल असेलच.

आशाताईंबरोबर निदान एक दिवस घरोघरी फिर. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला जातात. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. आपण ओपीडीत पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतो, आणि लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे तिथंच चुकतो. या पद्धतीमागे बंग दांपत्याचं गडचिरोलीतलं काम आहे. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. तो अभ्यास १९९९ साली छापून आला. त्या बायकांच्या हातात डिग्री नव्हती. आशाताई सांगेल तेव्हा वही काढून लिहून घे.

तू मुलगी आहेस, त्यामुळे एक गोष्ट तुलाच जमेल. "अंगात कणकण आहे, टॉनिक द्या" म्हणत एखादी बाई येईल आणि औषध घेऊनही उठणार नाही. पडदा ओढ, सासूला बाहेर बसव आणि हळूच विचार. अंगावरून जातंय, लघवीला जळजळतंय, कित्येक वर्षांपासून. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. १९८९ सालचा अभ्यास आहे, पण ती उठायला तयार नसलेली बाई मला आजही ओपीडीत भेटते.

क्वार्टरची कडी, पाणी, संडास आधी बघून घे. ठीक नसेल तर सिस्टरच्या घरी राहायचं विचार, संकोच करू नकोस.

पेशंट पुढं पाठवताना चिठ्ठीवर 'रेफर्ड' एवढंच लिहून सोडू नकोस. कधी आला, काय दिलं, किती वाजता दिलं, ते लिही आणि पुढच्या डॉक्टरला फोन कर.

एक छोटी वही घे आणि तिथले शब्द लिहीत जा. कुठं कावीळ म्हणतात, कुठं कामीण. एकीला कळ येते, दुसरीला चमक निघते, तिसरीचा नुसता जीव घाबरतो. पहिल्या आठवड्यात काय काय सापडलं ते मला लिहून पाठव. मी वाट बघते आहे.

तुझी,
मॅडम