सतराव्या शतकात इंग्लंडहून न्यू इंग्लंडला (आजच्या अमेरिकेचा ईशान्य भाग) गेलेला पूर्वज शोधताना

एकदम इंग्लंडच्या नोंदींत शिरू नका. आधी अमेरिकेतली कागदपत्रं संपवा: मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार, चर्चची नोंदवही. शेजारी आणि सासरची माणसंही तपासा; एका गावचे लोक अनेकदा एकत्रच निघत. जहाजांच्या याद्यांवर भिस्त नको, अमेरिकेतल्या नियमित सरकारी याद्या १८२० पासूनच्या आहेत. इंग्लंडमधलं मूळ गाव कळलं की तिथली पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीची, नोंदवही बघा (सुरुवात १५३८ची, पण सगळ्या टिकलेल्या नाहीत). नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळू नका, वंशावळी इथंच बिघडतात. बाप्तिस्मा झालेलं ते मूल लहानपणीच दफन झाल्याची नोंद असेल, तर तो तुमचा माणूस नव्हेच. तारखाही जपून लिहा: १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून नोंदीतला फेब्रुवारी १६२९ म्हणजे आपल्या हिशेबानं १६३०.